कामाच्या वेळेचं नियोजन फसतं कुठे? या चुका टाळा

दिवसभर मान वर न करता काम केलं, तरी संध्याकाळी यादीतली निम्मी कामं तशीच. असं झालं की बहुतेक जण नवं अ‍ॅप शोधतात किंवा उद्यापासून तासभर आधी यायचं ठरवतात. दुखणं बहुधा वेगळंच असतं. यादीत कामं असतात पण त्यांना लागणारा वेळ लिहिलेला नसतो, आणि कॅलेंडरमध्ये वेळा असतात पण स्वतःची कामं नसतात. खालच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

न मोजताच वेळापत्रक बसवणं

आधी सलग ५ दिवस नोंद ठेवा. दर अर्ध्या तासाला दोन-तीन शब्द पुरतात. सोबत एक खूण करा: ठरवलेलं काम, मीटिंग, ईमेल व निरोप, की मध्येच आलेलं काम. नोंद त्या-त्या वेळीच करायची. संध्याकाळी आठवून लिहिलं तर मोठी कामं आठवतात, पण पाच-दहा मिनिटांचे तुकडे निसटतात आणि वेळ नेमका तिथेच गेलेला असतो.

आता हिशेब मांडा. जेवणाची सुट्टी वगळून दिवस ८ तासांचा धरू. नोंदीप्रमाणे मीटिंगमध्ये २ तास, ईमेल-निरोपांत १ आणि मध्येच आलेल्या कामांत दीड तास जात असेल, तर यादीसाठी उरतात साडेतीन तास. आठ तासांची कामं त्यात मावणार नाहीत. तीन तासांचीच घ्या, अर्धा तास मोकळा ठेवा. सुरुवातीला हे फार कमी वाटेल, पण ती तीन तासांची कामं खरोखर पूर्ण होतील.

अंदाज मनाने बांधणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. काम किती वेळात होईल हे माणूस सातत्याने कमी धरतो, याकडे डॅनियल कानमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये लक्ष वेधलं. १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. ‘सगळंच बिघडलं तर’ असं गृहीत धरून सांगितलेला आकडाही अपुराच पडला.

कारण साधं आहे. अंदाज बांधताना आपण समोरच्या कामाच्या पायऱ्या सुरळीत पार पडताना पाहतो, आधीच्या तशाच कामांना किती वेळ लागला ते पाहत नाही. म्हणून मागची तीन सारखी कामं काढा. ठरवलेला वेळ आणि लागलेला वेळ शेजारी लिहा. २ तासांची कामं दर वेळी ३ तास घेत असतील, तर तशा कामाच्या पुढच्या अंदाजाला सरळ दीडने गुणा. जुनी नोंद नसेल तर कामाचे तुकडे पाडा: माहिती मागवणं, मसुदा, तपासणी, दुरुस्त्या. शेवटचे दोन हमखास विसरले जातात.

अजून एक गफलत इथेच होते. काम ३ तासांचं असतं, पण दुसऱ्या विभागाकडून आकडे यायला ३ दिवस जातात. त्यामुळे ज्या कामात कुणाची वाट पाहावी लागते, त्याची मागणी सकाळी सर्वांत आधी पाठवा. मसुदा नंतर लिहिला तरी चालतो.

यादीत काम नव्हे, विषय लिहिणं

‘वार्षिक अहवाल’ ही नोंद वाचून हात कुठे घालायचा ते कळत नाही, म्हणून ती रोज पुढे सरकते. ‘खर्चाच्या तक्त्यासाठी लेखा विभागाकडून आकडे मागवणे, १५ मिनिटं’ असं लिहा. एखादं काम तिसऱ्यांदा पुढे ढकललं गेलं, तर तीन गोष्टी तपासा: पहिली पायरी स्पष्ट आहे का, कुणाची परवानगी किंवा माहिती अडली आहे का, आणि ते काम खरंच तुमचं आहे का.

ईमेल दिवसभर उघडा ठेवणं

निरोप वाचायला अर्धं मिनिट लागतं, पण मन आधीच्या कामात पुन्हा लागायला त्याहून बराच वेळ जातो. एक काम अर्धवट सोडून दुसरं धरलं की लक्षाचा काही भाग मागेच अडकतो. सोफी लेरॉय यांनी हे २००९ च्या संशोधनात दाखवलं.

नोटिफिकेशन बंद करा आणि ईमेल पाहायच्या वेळा ठरवा, उदाहरणार्थ ११, २ आणि साडेचार. तातडीचं असेल तर फोन करा, हे सहकाऱ्यांना आधी सांगा. न सांगता बंद केलं तर गैरसमज होतात आणि चार दिवसांत सवय मोडते. ग्राहकांना उत्तरं देणं हेच ज्यांचं काम आहे, त्यांना हा उपाय लागू नाही.

काम मध्येच सोडावं लागलं तर उठण्यापूर्वी एक ओळ लिहा: कुठे थांबलो, पुढे काय करायचं. परत आल्यावर धागा शोधावा लागत नाही.

मीटिंगला मीटिंग चिकटवणं

दोन मीटिंगमध्ये फट नसेल तर पहिलीत ठरलेलं लिहून घ्यायला वेळच उरत नाही. गूगल कॅलेंडरमध्ये मीटिंग आपोआप थोडी लवकर संपवण्याची सेटिंग आहे: ३० मिनिटांची २५ वर, तासाभराची ५० वर. ती चालू करा.

लगेच ‘हो, करतो’ म्हणणं

वरिष्ठांना नाही म्हणणं अवघड असतं, आणि बहुतेकदा त्याची गरजही नसते. आधी विचारा, ‘नक्की कधीपर्यंत लागेल?’ ‘लवकर’ याचा अर्थ अनेकदा परवा असा निघतो. आजच हवं असेल तर अदलाबदल समोर ठेवा: ‘हे आज देतो, मग तक्ता उद्या दुपारी जाईल. चालेल ना?’ प्राधान्य ठरवणं हे त्यांचं काम आहे. ते ठरवण्यापुरती माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवणं तुमचं.

एवढं करूनही वेळ पुरत नसेल तर

अंदाज सुधारला, ईमेल आवरला, तरी दोन-तीन आठवडे सतत कामं उरत असतील, तर सवयींना दोष देणं थांबवा. काम उपलब्ध तासांपेक्षा जास्त आहे. आठवड्याच्या नोंदी आणि नेमून दिलेल्या कामांचे तास एका पानावर शेजारी मांडा आणि ते पान घेऊन वरिष्ठांशी बोला. कोणतं काम काढायचं, कोणतं दुसऱ्याकडे द्यायचं आणि कोणाची मुदत वाढवायची, या तीन प्रश्नांची उत्तरं त्याच बैठकीत मागा.