चौथा सर्व्हर लावला आणि साइट झोपली, माझा अनुभव

महाप्याला आमचं ऑफिस आहे, तिथे मेमकॅश्डचे (वारंवार लागणारा डेटा मेमरीत ठेवून डेटाबेसवरचा भार कमी करणारा प्रोग्राम) तीन सर्व्हर होते, लोड वाढला म्हणून दुपारी चौथा जोडला आणि पाच मिनिटांत डेटाबेसचा सीपीयू शंभर टक्क्यांवर, पेज उघडेनाच.

आधी वाटलं नवीन मशीनच खराब आहे, नेटवर्क तपासलं, केबल बदलली, काही नाही. मग मेमकॅश्डशी बोलणाऱ्या लायब्ररीची सेटिंग उघडली तेव्हा कळलं, ‘की’चा (म्हणजे डेटा ज्या नावाने ठेवतो त्या नावाचा) हॅश, म्हणजे त्यातून बनणारा आकडा, काढून त्याला सर्व्हरच्या संख्येने भागायचं आणि बाकी उरेल तो सर्व्हर, असा हिशोब होता. म्हणजे बघा, हॅश ७ असेल तर तीनने भागून बाकी १, चारने भागून बाकी ३, डेटा पडलाय एकीकडे आणि आपण शोधतोय दुसरीकडे! अशा जवळजवळ पाऊण भाग ‘की’ हलल्या आणि सगळ्या रिक्वेस्ट थेट डेटाबेसवर.

उपाय म्हणजे कन्सिस्टंट हॅशिंग, १९९७ चा पेपर आहे, अजून तितकाच कामाचा. यात सर्व्हर आणि ‘की’ एकाच गोल रिंगवर बसतात, नवीन सर्व्हर आला की फक्त त्याच्या वाट्याचा तुकडा हलतो, आमच्या केसमध्ये साधारण पाव भाग. त्याच लायब्ररीत केटामा, म्हणजे कन्सिस्टंट हॅशिंगची एक पद्धत, ऑन केलं. पण एक लक्षात ठेवा, हा बदल करतानाही एकदा बहुतेक ‘की’ हलतातच, म्हणून रात्री दोनला केला आणि जास्त लागणारी पेजेस स्क्रिप्टने मेमकॅश्डमध्ये आधीच भरून घेतली. आणि सगळ्या ॲप सर्व्हरवर (साइट चालवणाऱ्या मशीनवर) सेटिंग सारखीच पाहिजे हां, आमच्या एकावर जुनी राहिली होती, तो दुसऱ्याच मेमकॅश्ड सर्व्हरवर शोधायचा, म्हणून तिथून साइटवर जुनाच भाव दिसत होता.

पहाटेच्या ट्रेनने ठाण्याला घरी आलो तेव्हा डेटाबेस शांत होता.