विदर्भातल्या गावाची प्रेमपटकथा लिहिताना

प्रेमपटाचा शेवट प्रेक्षकाला बहुधा आधीच ठाऊक असतो. तरीही तो तिकीट काढतो, कारण दोघे एकत्र येतात ते कसे, हे त्याला पाहायचे असते. म्हणून भेट, ओढ, अडथळा, ताटातूट आणि मीलन हे ठरलेले टप्पे मोडण्याचा अट्टहास नवख्या लेखकाने करू नये. आपल्या गावचे जगणे त्यांत नेमके कुठे बसते, ते शोधावे.

पहिली भेट दोघांनाही काम असलेल्या जागी घडवावी. कथा वरूड-मोर्शीकडची असेल तर संत्र्याची बाग, यवतमाळकडची असेल तर कापसाची वेचणी, भंडारा-गोंदियाकडची असेल तर धानाची रोवणी किंवा दिवाळीनंतर भरणारी मंडई नावाची जत्रा, अशा जागा आयत्याच मिळतात.

सर्वाधिक विचार अडथळ्याचा करावा. जो गैरसमज एका फोनने मिटला असता, त्यावर आज दोन तासांचा चित्रपट उभा राहत नाही. त्याऐवजी दोन घरांमध्ये धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, जुना वाद असू द्यावा: शेताची मोजणी झालेली आहे, तारखा सुरू आहेत आणि शेताकडे जाणाऱ्या पांदणीवरून कोण कोणासोबत गेले, हे सांजेपर्यंत दोन्ही घरांत कळते. अशा गावात साधी भेटही जोखमीची होते. अडथळा जातीचा असेल, तर तो ‘घराण्याची इज्जत’ अशा मोघम शब्दांमागे लपवू नये. गावात कोणालाही ते पटणार नाही. दोघांचे धर्म वेगळे असतील आणि ते धर्म न बदलता लग्न करणार असतील, तर विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. ताण वाढवण्यासाठी खलनायकापेक्षा हे 30 दिवस कितीतरी अधिक उपयोगी पडतात. मध्यंतर शक्यतो त्या क्षणी घ्यावे, ज्या क्षणी घरच्यांना सारे कळते.

शेवटाच्या दोन्ही वाटा आपल्याकडे रुळलेल्या आहेत. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (1995) मधला नायक पळून जाण्यास नकार देऊन नायिकेच्या वडिलांची संमती मिळवतो, तर ‘सैराट’ (2016) मध्ये पळून गेलेल्या जोडप्याची हत्या होते. कोणतीही वाट घेतली, तरी तिची बीजे पहिल्या अर्ध्या तासात पेरलेली असावीत.

भाषेबाबत मात्र मी आग्रही आहे. वऱ्हाडी बोली विनोदी पात्राला आणि प्रमाण मराठी नायक-नायिकेला, ही वाटणी अन्यायाची आहे. ज्या बोलीत माणूस रुसतो, त्याच बोलीत तो प्रेमही व्यक्त करतो. कबुलीचा प्रसंग वऱ्हाडीतच लिहावा, कथा पूर्व विदर्भातली असल्यास झाडीबोलीत लिहावा, आणि तो त्याच तालुक्यातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. वाचताना तो ज्या ओळीवर अडखळेल, ती ओळ त्यालाच विचारून पुन्हा लिहावी.