गोव्याच्या चित्रकारांवर चर्चासत्र भरवताना

संग्रहालयात चर्चासत्र ठरले की आधी वक्त्यांची यादी होते आणि मूळ चित्रे शोभेपुरती व्यासपीठामागे टांगली जातात. तसे करू नका. कागदावरच्या जलरंगाला ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड नको. व्यासपीठावर चित्रीकरणाचे दिवे लागले की ५०० लक्स सहज होतात, म्हणजे ८ तासांत ४,००० लक्स-तास. ५० लक्सच्या दालनात तेवढा उजेड पडायला, रोज ८ तास धरून, १० दिवस लागले असते. उडालेला रंग परत येत नाही. तैलचित्राला २०० लक्सपर्यंत चालते.

दुसरा धोका दमट हवेचा. बंद सभागृहात साठ माणसे बसली आणि जेवणाच्या सुट्टीत वातानुकूलन बंद केले की आर्द्रता झपाट्याने चढते. ती ६५ टक्क्यांच्या वर राहिली तर कागदावर बुरशी धरते. गोव्यात हे फक्त पावसाळ्याचे दुखणे नाही, जानेवारीची पहाटही ओली असते. म्हणून चित्रांना वेगळी खोली द्या, तिथले वातानुकूलन रात्रीही चालू ठेवा, आर्द्रतामापक भिंतीवर लावा आणि दर दोन तासांनी आकडा लिहून ठेवा. समई सभागृहातच पेटवा. तिची काजळी चित्रांच्या खोलीत नको.

त्या खोलीत एका वेळी १२ जण, १५ मिनिटे. साठ जणांचे पाच गट, म्हणजे ७५ मिनिटे. कार्यक्रमपत्रिकेत ९० धरा. वेळ सकाळच्या चहानंतरची ठेवा, कारण जेवणानंतर अर्धे लोक गाडी काढून निघालेले असतात. चर्चासत्राला खरा जीव इथेच येतो, म्हणून प्रत्येक गटाबरोबर एक जाणकार हवा.

चित्रे मागण्याचे पत्र किमान तीन महिने आधी द्या. चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. चित्र ताब्यात घेताना पुढून, मागून आणि बाजूने तिरका उजेड टाकून फोटो काढा. पोपडे आणि सुरकुत्या तिरक्या उजेडातच दिसतात. देणारा आणि घेणारा, दोघांच्याही सह्या घ्या. पेटी खोलीत आली की लगेच उघडू नका, २४ तास तशीच राहू द्या. गार पेटी दमट हवेत उघडली तर काचेवर दव धरते, आणि कागद काचेला टेकलेला असेल तर चिकटतो.

विषयाची मांडणी चरित्रांची ओळ लावून करू नका. आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते, त्यांची तैलचित्रे युरोपीय शिस्तीची. फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकले आणि त्यांनी चित्रांत येशूच्या आईला, मेरीला, साडी नेसवली. या दोघांना एकाच सत्रात समोरासमोर ठेवा, वाद आपोआप उभा राहील. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटाचे संस्थापक, तर वासुदेव गायतोंडे मूळ गोव्याच्या घरातले, पण जन्मले नागपुरात. ‘गोव्याचा चित्रकार म्हणजे कोण’ या प्रश्नाला ४५ मिनिटे मोकळी ठेवा. या सगळ्याला चळवळ म्हणावे का, हाही प्रश्न तिथेच येऊ द्या.

एक निबंध २० मिनिटे, प्रश्न १०. सकाळी तीन, दुपारी दोन, त्याहून जास्त नकोत. घंटी सतराव्या मिनिटाला. शाल-श्रीफळ १५ मिनिटांत आटोपले नाही तर पहिल्या वक्त्याचा वेळ जातो, आणि तो नेमका दुरून आलेला असतो.

पोर्तुगीज नावांचे लेखन आधीच ठरवा. पत्रिकेवर ‘झेवियर’, पडद्यावर ‘शावियेर’ आणि चित्राखालच्या पट्टीवर तिसरेच काही, असे होते. एकच यादी करून सर्व वक्त्यांना पाठवा. कोकणी, मराठी, इंग्रजी कोणत्याही भाषेत बोलोत, नाव एकच राहील.

तारीख जानेवारीअखेर बरी. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त (चर्चचा उत्सव), मग नाताळ. पणजीत खोल्या मिळत नाहीत. कार्निव्हलची तारीखही तपासा.

पत्रिकेवर चित्र छापण्याआधी हक्क (कॉपीराइट) पाहा. चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे ते वारसांकडे असतात: त्रिंदाद यांचे संपलेत, फोन्सेका यांचे २०२७ अखेरपर्यंत, सूझा (मृत्यू २००२) यांचे २०६२ अखेरपर्यंत. संग्रहालयाने चित्र उसने दिले म्हणजे छापायचीही परवानगी दिली असे नव्हे. ते पत्र वेगळे लागते.