दोन लिटरचं इंजिन मोठं करताना: मोजमाप आधी, बोरिंग नंतर

ड्रिफ्टच्या, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत वळणं घेणाऱ्या गाडीत सीसी वाढवायचे ते टॉप स्पीडसाठी नव्हे. गाडी आडवी चाललेली असताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन दमलं, की मागची चाकं पकड घेतात आणि गाडी झटक्यात सरळ होते. सीसी वाढले की खालच्या आरपीएमला टॉर्क (फिरवण्याची ताकद) मिळतो, टर्बोही लवकर जागा होतो.

निसानचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन एसआर20डीईटी घेऊ. बोअर (सिलिंडरचा व्यास) 86, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 86 मिमी, 1998 सीसी. नवशिक्यांची पहिली उडी बोरिंगवर, म्हणजे सिलिंडर कातून रुंद करण्यावर असते. हिशेब करून बघा: बोअर 87 केला तरी 2045 होतात. 47 सीसीसाठी सिलिंडरची भिंत अर्धा मिमी पातळ झाली! बोअर तसाच ठेवून 91 मिमी स्ट्रोकचा क्रँक (पिस्टनला वर-खाली नेणारा दांडा) टाकला तर 2114, दोन्ही केलं तर 2164. खरी कमाई क्रँकमध्ये आहे.

मात्र स्ट्रोक 5 मिमी वाढला की पिस्टन 2.5 मिमी जास्त वर येतो. जुना पिस्टन, त्याला क्रँकशी जोडणारा जुनाच रॉड ठेवला तर तो हेडवर आदळणार. म्हणून पिनचं भोक तेवढंच वर असलेला पिस्टन मागवायचा. मूळ कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते) 8.5. ज्वलनकक्षाची जागा सिलिंडरमागे साधारण 66.6 सीसी, तीच राहिली तर 2164 ला कॉम्प्रेशन 9.1 वर जातं. नागपूरच्या तापलेल्या हवेत, वर टर्बोचा बूस्ट, म्हणजे नॉकिंग (इंधन अवेळी भडकून इंजिनला हादरे) आलंच. पिस्टनच्या डोक्यावरचा खळगा साडेपाच सीसीने मोठा घ्या. रेडलाइनही (आरपीएमची कमाल मर्यादा) उतरवा: 86 च्या स्ट्रोकला 7500 आरपीएमवर पिस्टनचा जो सरासरी वेग असतो, तो 91 ला 7100 च्या आतच गाठला जातो.

या कामात शिरायचं असेल तर पान्यांच्या आधी बोअर गेज आणि मायक्रोमीटर घ्या. पिस्टन हातात आल्याशिवाय बोरिंगवाल्याला ब्लॉक देऊ नका. होनिंग (बोअरची शेवटची बारीक घासाई) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट, लावूनच करून घ्या. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो. मे महिन्यात हिंगणा एमआयडीसीतल्या शेडमध्ये पारा 45 ला असतो. 20 अंशांच्या तुलनेत 87 मिमीचा ॲल्युमिनियम पिस्टन तिथे सुमारे 0.04 मिमी फुगतो, बिडाचा लायनर (सिलिंडरची आतली नळी) त्याच्या जवळपास निम्माच. क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीतली फट) 0.07 ठेवायचा असेल तर 0.02 ची चूक लहान नाही. ब्लॉक, पिस्टन, गेज रात्रभर एकाच खोलीत ठेवा, पहाटे मोजा.

पिस्टनवरच्या सगळ्यात वरच्या रिंगची गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) टर्बोला बोअरच्या प्रत्येक मिमीमागे 0.005 मिमी, म्हणजे 87 ला सुमारे 0.44. पिस्टनच्या डब्यातल्या कागदावर वेगळं असेल तर कागदाचं ऐका. गॅप कमी पडली तर गरम झाल्यावर रिंगची टोकं भिडतात, रिंग बोअर ओरबाडते आणि पिस्टनची कड तुटते.

नवा क्रँक बसवल्यावर हाताने पूर्ण दोन फेऱ्या द्या. लांब स्ट्रोकमुळे रॉडचा बोल्ट बोअरच्या खालच्या कडेला घासू शकतो. दीड-दोन मिमी जागा नसेल तर ब्लॉक ग्राइंड करावा लागतो.

कायद्याचं थोडक्यात: सीसी बदलले की आरसीशी मेळ बसत नाही आणि गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. गाडी ट्रॅकपुरती, तीही ट्रेलरवरून.

ग्राइंडिंग झालं की सगळं पुन्हा उघडा. ऑइलच्या वाटांचे प्लग काढून ब्रश आणि साबणाच्या गरम पाण्याने धुवा, लगेच वाळवून तेल लावा. मग बोअरमध्ये पांढरा कपडा फिरवा. करडा डाग आला, म्हणजे घासाईचा भुगा राहिलाय, तर परत धुवा.