असईची पलटण रंगवण्यापूर्वी : तयारीची यादी

स्प्रेचा डबा हातात घेण्यापूर्वी हवेतील आर्द्रता मोजावी. ही बाब क्रमाने बरीच खाली येते, तरीही सर्वांत आधी लिहीत आहे, कारण बाकी सारे नीट करून गेल्या पावसाळ्यात मी नेमकी हीच विसरलो आणि ७८व्या हायलँडर पलटणीचे रंगवून पूर्ण झालेले शिपाई शेवटच्या मॅट (चमक नसलेल्या) व्हार्निशखाली भस्म फासल्यासारखे पांढरे पडले. ही यादी टेबलावरच्या युद्धखेळात असईची लढाई मांडण्यासाठी १५ मिमी मापाचे धातूचे छोटे सैनिक रंगवू पाहणाऱ्यांकरिता आहे. २८ मिमी किंवा ६ मिमीवाल्यांनी आपल्यापुरते फेरफार करून घ्यावेत. आर्द्रतेच्या बाबतीत मात्र फेरफाराला वाव नाही.

खरेदीपूर्वी कोणती पलटण, कोणते वर्ष आणि खेळाची कोणती नियमपुस्तिका हे तिन्ही ठरलेले असावे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ही लढाई झाली. ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीकडे ७४वी आणि ७८वी या दोन गोऱ्या पायदळ पलटणी, १९वे लाइट ड्रॅगून्स हे गोरे घोडदळ आणि मद्रासच्या देशी पलटणी व रिसाले होते. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा, आणि त्यांतील कवायती कंपूंचे, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पायदळाच्या तुकड्यांचे, नेतृत्व हॅनोव्हरच्या पोलमनकडे. बाजारात वॉटर्लूच्या (१८१५) लढाईचे ब्रिटिश सैनिक सहज मिळतात म्हणून तेच आणण्याचा मोह होईल, पण त्यांच्या डोक्यावरची पुढून उंच पट्टी असलेली टोपी १८१२ च्या सुमारास आली. असईला ती चालत नाही. शिवाय ‘१५ मिमी’ हे माप कोणी तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरतो, तर कोणी डोक्यापर्यंत, त्यामुळे दोन कंपन्यांचे शिपाई एका रांगेत उभे केले की एक कंपनी ठेंगणी दिसते. एक पलटण एकाच कंपनीकडून घ्यावी.

रंगांचा तक्ता ब्रश उचलण्यापूर्वी कागदावर उतरवून काढावा. मराठ्यांची फौज म्हटली की डोळ्यांपुढे पागोटी आणि भगवा येतो, परंतु शिंद्यांच्या कवायती पलटणीही ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांसारख्या लाल डगल्यांत होत्या, म्हणजे खेळाच्या पटाच्या दोन्ही बाजूंना लालच लाल. फरक दिसायचा तो डोक्यावरच्या वस्त्रात, पट्ट्यांत आणि कॉलर व मनगटपट्ट्यांच्या रंगात, म्हणून तेथे चूक परवडत नाही. ७४व्या पलटणीच्या कॉलरी पांढऱ्या, ७८व्या पलटणीच्या पिवळसर बदामी. १९व्या ड्रॅगून्सना हिंदुस्थानात निळसर करडे जाकीट आणि त्यावर पिवळी कॉलर. पांढरा म्हणजे बाटलीतील शुद्ध पांढरा नव्हे. या मापाला तो डोळ्यांत खुपतो. किंचित राखाडी किंवा दुधी छटा घ्यावी.

निशाणांचे कागद याच वेळी ठरवावेत, कारण येथे जाणकारही फसतात. असईच्या हत्तीचे चिन्ह असलेले मानाचे निशाण ७४व्या, ७८व्या आणि १९व्या ड्रॅगून्सना मिळाले ते या लढाईतील कामगिरीबद्दल, म्हणजे लढाईनंतर. तेव्हा खुद्द असईच्या पटावर ते फडकवणे म्हणजे निकाल आधीच लावून बसणे होय. युनियन झेंडा मात्र १८०१ नंतरचा, आयर्लंडची लाल फुली असलेला हवा. खरे निशाण सहा फूट गुणिले साडेसहा फूट होते, म्हणजे १५ मिमीच्या साधारण १:१०० प्रमाणाला अंदाजे १.८ गुणिले २ सेंटिमीटर. यापेक्षा मोठे छापलेले निशाण दिसायला झोकदार असते, एवढेच.

बिनकवायती घोडदळाबद्दल थोडक्यात: वेलस्लीबरोबर म्हैसूरचे आणि पेशव्यांचेही घोडेस्वार होते, त्यामुळे मराठा स्वारांचा एकच संच दोन्ही बाजूंनी वापरता येतो. त्यांचे अंगरखे पाच-सहा रंगांत फिरवून रंगवावेत आणि दोन सारखे स्वार शेजारी ठेवू नयेत.

साहित्यापैकी दिवा, पाण्याची दोन भांडी आणि जुनी वर्तमानपत्रे यांविषयी लिहिण्याची गरज नाही. ब्रश मात्र विचारपूर्वक घ्यावा. मुंगसाच्या केसांचा ब्रश अजूनही कोणीतरी काउंटरखालून काढून दाखवतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बेकायदा आहे, शिवाय त्याची गरजही नाही. एक आणि शून्य क्रमांकाचे, टोक धरून राहणारे सिंथेटिक ब्रश पुरतात. तीन शून्ये लिहिलेला केसाएवढा ब्रश नवशिक्यांना आकर्षित करतो, पण त्यात रंग राहत नाही आणि शिपायापर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो. पाण्यावर चालणारे ॲक्रिलिक रंग, ओल्या स्पंजावर बटर पेपर अंथरून केलेली पॅलेट, आणि आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र. हो, यंत्र. ‘हवा कोरडी वाटते’ हे मोजमाप नव्हे. मलाही वाटलीच होती.

धातूचे सैनिक साच्यातून येतात तेव्हा त्यांच्या अंगावर साच्याच्या दोन अर्धांची शिवण राहिलेली असते. ती खांद्यावरून, टोपीवरून आणि बंदुकीच्या नळीवरून धावते, आणि उघड्या धातूवर दिसत नाही, पण रंगाचा पहिला हात पडताच उठून दिसते. धारदार पाते आडवे धरून ती खरवडावी, मग बारीक कानस फिरवावी. जुन्या मिश्रधातूत शिसे असते, म्हणून कानस ओली ठेवावी, भुकटी फुंकरीने उडवू नये, काम करताना खाऊ नये आणि शेवटी हात साबणाने धुवावेत. घरात लहान मूल असेल तर टेबलही पुसावे. त्यानंतर भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात सैनिक मऊ टूथब्रशने धुवावेत, कारण साच्याला लावलेली पावडर आणि आपल्या बोटांचे तेल या दोन्हींवर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) नीट बसत नाही. संगिनी वाकल्या असतील तर आत्ताच हळूच सरळ कराव्यात. रंगवल्यानंतर वाकवलेल्या संगिनीचा रंग पापुद्र्याने निघतो. पूर्ण वाळू द्यावे, विशेषतः पाठीवरच्या पिशव्यांच्या खाचांत साचलेले पाणी.

सैनिक आइस्क्रीमच्या काड्यांवर फेव्हिकॉलच्या थेंबाने चिकटवावेत, आणि दोघांमध्ये ब्रश तिरका शिरेल एवढी फट ठेवावी. खचाखच लावले तर मधल्या शिपायांच्या डाव्या बाह्या शेवटपर्यंत करड्याच राहतात आणि ते पाया लावल्यावरच लक्षात येते.

आता प्रायमर, आणि पुन्हा तेच: यंत्र पाहावे. डब्यातला द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार होतो. हवा दमट असेल तर त्यावर बाष्प बसते आणि थरात अडकून तो धुरकट किंवा खरखरीत होतो. डब्यावर छापलेली मर्यादा पाळावी. मी स्वतः साठ टक्क्यांच्या वर डबा उघडत नाही. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा बहुधा दिसतच नाही. इतरत्र पावसाने उघडीप दिली असता दुपारी आर्द्रता सकाळपेक्षा उतरलेली असते, तेव्हा पाहून ठेवावे. आणखी एक सापळा वातानुकूलित खोलीचा आहे. तेथे रंगवलेले गार सैनिक थेट गॅलरीत नेले तर धातूवर दव धरते, जे डोळ्यांना दिसतही नाही. त्यांना अर्धा तास बाहेर ठेवावे, मग फवारावे. एवढे सांभाळणे जमत नसेल तर प्रायमर ब्रशने लावावा. वेळ लागतो, पण हवामान खात्याची मर्जी सांभाळावी लागत नाही.

प्रायमरचा रंग करडा. काळ्यावर लाल रंग मळकट पडतो, कारण लालची झाकण्याची ताकद मुळातच कमी असते, आणि असईला तर अर्धी फौज लाल आहे. आतून बाहेर असा क्रम ठेवावा: त्वचा, मग डगला, मग विजारी, मग पट्टे, शेवटी बंदूक. मद्रासच्या शिपायांसाठी गडद तपकिरीपासून गव्हाळपर्यंत तीन-चार छटा आधीच मिसळून ठेवाव्यात. सगळ्यांचे चेहरे एकाच बाटलीतून आले तर पलटण साच्यातली वाटते. लहान मापाला रंग खऱ्यापेक्षा एक पायरी उजळ घ्यावा, नाहीतर हातभर अंतरावरून सारे काळपट दिसते. छातीवरचे आडवे-उभे पट्टे एका दमात ओढावेत, आणि कड चुकली तर लालनेच परत कापावी. डोळे रंगवू नयेत. १५ मिमीवर रंगवलेले डोळे सैनिकाला घाबरलेला करतात.

एकच सैनिक शेवटपर्यंत रंगवून, वापरलेली मिश्रणे कागदावर टिपून, मगच उरलेल्या रांगेला हात घालावा. विशेषतः बदामी कॉलरीचे मिश्रण. ते मध्येच संपते आणि दुसऱ्यांदा तसेच जमत नाही.

व्हार्निश. येथे थांबावे. येथेच सगळे नासते, आणि तेही सगळे काम झाल्यानंतर. आर्द्रता मोजावी. डबा पूर्ण दोन मिनिटे हलवावा, कारण मॅट व्हार्निशची चमक मारणारी बारीक पूड तळाशी बसते आणि नीट न मिसळता फवारली तर तीही पांढरी दिसते. म्हणजे पांढरेपणाची कारणे दोन आहेत आणि दुसरे टाळले म्हणून पहिल्यातून सुटका होत नाही. सैनिकांशेजारी तासभर ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर आधी फवारावे, तो चमचा त्याच जागी वाळू द्यावा आणि वीस मिनिटांनी उजेडात तिरका धरून पाहावा. चमच्यावर साय दिसली तर त्या दिवशी काम बंद. ‘थोडेसेच आहे, मारून टाकू’ असे कोणी म्हणू नये. पांढरे पडलेच तर वरून चकचकीत व्हार्निशचा पातळ हात दिल्याने पुष्कळदा रंग परत येतो, मग पुन्हा मॅट. पण पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे. पावसाळ्यात सरळ ब्रशने लावायचे पाण्यावरचे व्हार्निश वापरावे.

पुढचे भराभर. पाया दोन मिमी जाड एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा), रुंदी नियमपुस्तिकेप्रमाणे. १५ मिमीला ४० मिमी रुंदी बरीच प्रचलित आहे. फेव्हिकॉलवर बारीक वाळू, तिला काळसर तपकिरी, कोरड्या ब्रशने मातकट फिकट. मराठवाड्यातील काळी जमीन आणि सप्टेंबरचे दिवस, तेव्हा गवत हिरवे चालेल, पण विलायती कुरणासारखे नको. गवत व्हार्निशनंतर. निशाणे ओल्या गोंदावर असतानाच मुरडावीत आणि कागदाच्या पांढऱ्या कडा रंगाने झाकाव्यात. दोन्ही फौजा लाल असल्याने पायाच्या मागच्या कडेला बाजूनुसार वेगवेगळी रंगरेघ ओढावी आणि खाली पलटणीचे नाव लिहावे. पायाखाली चुंबकपट्टी, लोखंडी पत्र्याचा डबा, आत सिलिका जेलची पुडी.