रापलेला रंग हवाय? मग आधी अतिनील किरणांचं बघा

ऊन नैसर्गिक म्हणून चांगलं आणि टॅनिंग बेड (अतिनील दिव्यांखाली झोपून अंग रापवायचं यंत्र) कृत्रिम म्हणून वाईट, अशी वाटणी बरेच जण करतात. मला ती मुळातच चुकीची वाटते. कुठलीही पद्धत निवडण्याआधी एकच प्रश्न विचारा: यात त्वचेवर अतिनील किरण पडणार आहेत का? पडणार असतील, तर ते सूर्याचे असोत की दिव्याचे, इजा व्हायची ती होतेच.

रापणं हा त्वचेचा बचाव आहे. किरणांनी पेशींमधल्या डीएनएला धक्का पोचतो, म्हणून त्वचा मेलॅनिन, म्हणजे तिचं रंगद्रव्य, वाढवते. यूव्हीए आणि यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन प्रकार. यूव्हीए किरणांनी असलेलं मेलॅनिन लगेच गडद होतं, तर यूव्हीबीमुळे तयार होणारं नवं मेलॅनिन दिसायला दोन-तीन दिवस लागतात. टॅनिंग बेडमध्ये मुख्यतः यूव्हीएच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये हे बेड निश्चितपणे कर्करोगकारक ठरवले, आणि त्याच वर्षी ब्राझीलने त्यांवर बंदी घातली. सुट्टीआधी बेडवर रंग चढवून घेतला की ऊन बाधत नाही, हा समज तर सोडूनच द्या. त्या रंगाचं संरक्षण जेमतेम एसपीएफ (सनस्क्रीनच्या संरक्षणाचं माप) ३-४ इतकंच असतं.

उन्हात जायचंच असेल, तर आपली सावली पाहा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत, तेव्हा आडोसा धरा. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि पोहून आल्यावर लगेच, पुन्हा लावा. नुसतं रापण्यासाठी उन्हात पडून राहू नका.

रंगच हवा असेल, तर सेल्फ-टॅनिंग लोशन घ्या. त्यातलं डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या अमिनो आम्लांशी संयोग पावतं आणि तपकिरी रंग येतो. पाव भाजताना त्यावर रंग चढतो, त्याच जातीची ही क्रिया.

आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास थांबा. खाज किंवा पुरळ आलं नाही, तरच पुढे जा. केस काढायचे असतील तर तेही आदल्या दिवशीच उरका. आंघोळीत अंग हलकं घासून मृत त्वचा काढा आणि पूर्ण कोरडं करा. कोपर, गुडघे, घोटे इथली त्वचा जाड असते, ती जास्त रंग ओढते. तिथे आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात फिरवा. घाई झाली की चट्टे नेमके इथेच पडतात! हातमोजे घालून, थोडं थोडं लोशन गोल फिरवत लावा. पूर्ण वाळल्यावरच सैल, गडद कपडे घाला आणि सहा-आठ तास पाणी लागू देऊ नका. रंग काही तासांत दिसू लागतो, पाच-सात दिवसांत मृत पेशी झडतात तसा उतरतो. या रंगाने उन्हापासून बचाव होत नाही, तेव्हा सनस्क्रीन चालूच ठेवा.

लोशनऐवजी हा रंग स्प्रेने अंगावर मारून घेताना डोळे, ओठ आणि नाक झाका. फवारा श्वासातून आत जाऊ देऊ नका. टॅनिंगच्या गोळ्यांना मात्र हातही लावू नका. त्यांतल्या कॅन्थाझॅन्थिन या रंगद्रव्याचे स्फटिक डोळ्याच्या पडद्यावर साचू शकतात.

लोशनने तीळही गडद दिसू शकतात, त्यामुळे त्वचेच्या डॉक्टरांकडे तपासणीला जायचं असेल तर रंग पूर्ण उतरल्यावर जा. एखादा तीळ आकार बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर मात्र रंग उतरायची वाट न पाहता लगेच दाखवा.