जर्मनव्याप्त गावातल्या फार्सचा एक भाग कसा रचावा

परकीय लष्कराच्या ताब्यातल्या गावात घडणारा फार्स लिहायला बसणाऱ्याने पहिला कागद संवादांसाठी वापरू नये. त्या कागदावर एवढेच लिहावे की या गावात कोणाला कोणाची भीती वाटते, का वाटते आणि पकडले गेल्यास त्याची गत काय होईल. हा तक्ता पुरा झाला की निम्मा भाग लिहून झाला असे समजायला हरकत नाही, कारण अशा फार्समधला हशा चुरचुरीत वाक्यांपेक्षा घाबरलेल्या माणसाच्या धडपडीतून अधिक येतो. या प्रकाराचा अभ्यास करण्यासाठी बीबीसीच्या ‘अलो अलो’ या मालिकेइतका सोयीचा नमुना दुसरा नाही. डेव्हिड क्रॉफ्ट आणि जेरेमी लॉइड या जोडीने निर्माण केलेल्या या मालिकेचा प्रायोगिक भाग ३० डिसेंबर १९८२ रोजी दाखवला गेला. पुढे १९८४ ते १९९२ या काळात तिची नऊ पर्वे झाली आणि एकूण ८५ भाग प्रसारित झाले.

तिचा मूळ आधार गंभीर आहे, हे लेखकाने लक्षात ठेवावे. १९७७ ते १९७९ या काळात बीबीसीवरच ‘सीक्रेट आर्मी’ नावाची मालिका गाजली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रसेल्समधल्या एका रेस्टॉरंटच्या आडोशाने शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्या दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना मायदेशी पोहोचवणाऱ्या गुप्त साखळीची ती कथा होती. क्रॉफ्ट आणि लॉइड यांनी तिथला मालक, त्याची वरच्या मजल्यावरची रुग्णाईत स्त्री, त्याचे चोरटे प्रेमप्रकरण आणि गिऱ्हाईक म्हणून येणारे जर्मन अधिकारी हा सगळा सरंजाम जवळजवळ जसाच्या तसा उचलला आणि मालकाच्या अंगातले धैर्य तेवढे काढून घेतले. विडंबनासाठी त्यांना यापेक्षा मोठा बदल करावाच लागला नाही.

आता भीतीचा तक्ता कसा मांडायचा ते पाहू. फ्रान्समधल्या नूव्हियों या गावातला कॅफेमालक रेने आर्त्वा (ही भूमिका गॉर्डन के यांनी केली) याच्याकडे जर्मन कर्नल फॉन श्ट्रोम लुटीतले एक चित्र लपवायला देतो; नाही म्हटले तर गोळी. प्रतिकार चळवळीची मिशेल त्याच्या घरात दोन ब्रिटिश वैमानिक आणून ठेवते. नाही म्हटले तर फितूर म्हणून गोळी. गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, फ्लिक या दोन्हींपैकी काहीही शोधून काढू शकतो, आणि मग गोळी ठरलेलीच. याशिवाय कॅफेत काम करणाऱ्या पोरींशी रेनेची लगट चालू असते, त्यामुळे तीन बाजूंना मृत्युदंड आणि चौथ्या बाजूला बायको अशी त्याची कोंडी होते. यात रेनेची स्वतःची इच्छा काय, तर कोणी आपल्याला त्रास देऊ नये. नायकाची इच्छा इतकी लहान ठेवण्यात मोठेच शहाणपण आहे, कारण शूर माणूस संकटाला तोंड देतो आणि तिथे प्रसंग संपतो. भित्रा माणूस प्रत्येकाला हो म्हणतो आणि त्या प्रत्येक होकाराबरोबर गुंता वाढत जातो.

तक्त्यानंतर वस्तू ठरवावी. एका भागात एकच वस्तू मध्यवर्ती असावी, आणि ती किमान तिघांना वेगवेगळ्या कारणांसाठी हवी असावी. ‘अलो अलो’मध्ये फान क्लोम्प नावाच्या काल्पनिक चित्रकाराचे एक पतित मॅडोनाचे चित्र आहे. कर्नलला युद्धानंतरच्या म्हातारपणाची सोय म्हणून ते हवे आहे, वरच्यांना ते फ्यूररसाठी, म्हणजे हिटलरसाठी हवे आहे, आणि रेनेला ते आपल्या घरातून जाईल तितके बरे. पुढे या चित्राच्या नकला तयार होतात आणि खरे कोणते, खोटे कोणते याचा हिशेब प्रेक्षक सोडून कोणालाच लागत नाही. पण लेखकाने विशेष निरखून पाहावी ती लपवण्याची जागा. हे चित्र गुंडाळून सॉसेजमध्ये भरले जाते. माळ्यावर किंवा भिंतीच्या पोकळीत लपवलेली वस्तू तिथेच पडून राहते, आणि तिला हलवायला लेखकाला दर वेळी नवे कारण शोधावे लागते. सॉसेज मात्र स्वयंपाकघरातून टेबलावर जाते, दुसऱ्या सॉसेजशी त्याची अदलाबदल होते, ते कोणी कापायला घेते, कोणी आग्रहाने वाढते. त्या ठिकाणच्या रोजच्या व्यवहारात जी वस्तू आपोआप हातोहात फिरते तिच्यातच ऐवज लपवावा, म्हणजे कथानक ढकलावे लागत नाही.

यानंतर जागेचा नकाशा प्रत्यक्ष कागदावर काढावा. मराठी रंगभूमीवर फार्स केलेल्या मंडळींना दिवाणखान्याच्या दारांचे महत्त्व सांगायला नको. इथे रस्त्याचे दार, स्वयंपाकघराचे दार, मागची खोली आणि वर जाणारा जिना यांतून कोण कधी येतो आणि त्या वेळी कोण कुठे दडलेला असतो, हे मिनिटागणिक नोंदवावे. वरच्या मजल्यावर रेनेची बायको एडिथ हिची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि लंडनशी बोलण्याचा बिनतारी संच नेमका तिच्याच खाटेत दडवलेला आहे. संदेश आला की खाटेच्या खांबांवरच्या मुठी लुकलुकू लागतात. एकाच खोलीत म्हातारी, संच आणि वैमानिक असल्यामुळे त्या खोलीकडे जाणारे प्रत्येक पाऊल धोक्याचे ठरते आणि जिन्यावर जर्मन बूट वाजले की प्रेक्षक हसण्याच्या तयारीतच बसलेला असतो. लिहिताना एवढे पाहावे की धोका प्रेक्षकाला आधी कळेल आणि पात्राला नंतर. दोघांना एकदम कळला तर तो धक्का होतो, फार्स होत नाही.

इतकी सूत्रे प्रेक्षकाच्या लक्षात कशी राहावीत, ही अडचण मात्र खरी आहे, विशेषतः जिथे एका भागातली भानगड पुढच्या भागात चालू राहते तिथे. या मालिकेने त्यावर काढलेला तोडगा सरळ आहे: रेने भागाच्या सुरुवातीला थेट कॅमेऱ्याकडे पाहून, नाराज पण समंजस आवाजात, आतापर्यंत काय घडले ते सांगतो. हे निवेदन लिहिताना लेखकाने ते कोरडे ठेवावे. लपवलेले वैमानिक, सॉसेज, बायको आणि गेस्टापो ही सगळी माहिती एखाद्या कारकुनाने जमाखर्च वाचून दाखवावा तशी सांगितली की तिचा वेडेपणा आपोआप उघडा पडतो; सांगणारा स्वतः हसू लागला तर सगळा डाव फसतो.

भाषेचा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्यासाठी सर्वांत नाजूक आहे. मूळ मालिकेत सगळे इंग्रजीच बोलतात, पण फ्रेंच धाटणीचे इंग्रजी म्हणजे फ्रेंच भाषा, जर्मन धाटणीचे म्हणजे जर्मन आणि उच्चभ्रू ब्रिटिश धाटणीचे म्हणजे इंग्रजी, असा संकेत पाळला जातो. त्यामुळे दोन वैमानिक आणि रेने एकमेकांसमोर उभे राहून एकाच भाषेत बोलतात आणि तरी एकमेकांचे अक्षरही त्यांना समजत नाही. १९८५ सालच्या दुसऱ्या पर्वात क्रॅबट्री हा ब्रिटिश हेर फ्रेंच पोलिसाच्या वेषात येतो. त्याला फ्रेंच येते असा त्याच्या वरिष्ठांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याचे सगळे स्वर चुकतात, आणि साध्या अभिवादनाचाही भलताच अर्थ होतो. हाच संकेत मराठीत आणताना एखाद्या गटाला मालवणी आणि दुसऱ्याला वऱ्हाडी वाटून देण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण तसे केले की प्रेक्षक सत्ताधाऱ्यांऐवजी त्या बोलीच्या माणसांना हसू लागतो. त्यापेक्षा वाक्याची चाल बदलावी: जर्मनांना तुटक, क्रियापदावर आदळणारी वाक्ये द्यावीत, गावकऱ्यांना लांबण लावणारी, आणि वैमानिकांना शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभेल अशी उत्साही, निरर्थक वाक्ये.

पालुपदांबाबत थोडक्यात सांगतो. ‘नीट ऐका, मी हे एकदाच सांगणार आहे’ असे बजावून मिशेल दर वेळी योजना सांगते. बायकोने रंगेहाथ पकडले की रेने तिलाच मूर्ख बाई ठरवतो आणि तत्क्षणी एखादी करुण सबब रचतो. चळवळीचा लक्लेर वेषांतर करून येतो आणि चष्मा उचलून आपण कोण ते स्वतःच जाहीर करतो. पालुपद जसेच्या तसे ठेवून भोवतालची परिस्थिती बदलावी, आणि एका भागात प्रत्येकाला शक्यतो एकदाच संधी द्यावी. या मालिकेच्या उत्तरार्धात पालुपदांचा भार कथानकाला जड होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मर्यादेविषयी. १९४० च्या जूनमधील शस्त्रसंधीनंतर उत्तर फ्रान्सवर जर्मन लष्कराचा अंमल आला, आणि वैमानिकांना लपवणे हा तिथे खरोखरच जिवावरचा उद्योग होता. ब्रसेल्सहून पॅरिसमार्गे पिरेनीज ओलांडून स्पेनपर्यंत माणसे पोहोचवणारी ‘कॉमेत’ ही साखळी उभारण्यात पुढाकार घेणारी आंद्रे द योंग ही तेव्हा विशीतली तरुणी होती. जानेवारी १९४३ मध्ये ती पकडली गेली आणि तिला जर्मन छळछावण्यांत डांबले गेले. ती वाचली, तिचे अनेक सहकारी वाचले नाहीत. हे ठाऊक असलेला लेखक विनोदाचे लक्ष्य जपून निवडतो. ‘अलो अलो’ने हद्दपारी आणि छळछावण्या आपल्या चौकटीबाहेर ठेवल्या आणि खिल्ली उडवली ती अधिकाऱ्यांच्या हावेची, गेस्टापोच्या डौलाची आणि प्रतिकार चळवळीच्या अतिगुंतागुंतीच्या बेतांची. जर्मन लेफ्टनंट ग्रुबरच्या समलैंगिक कलावर आणि कॅफेतल्या पोरींवर बेतलेले काही विनोद मात्र आज शिळे वाटतात. नव्याने लिहिणाऱ्याने ते उचलण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष बांधणीचा सराव म्हणून कॅफे सोडून दुसरी जागा घेऊ. समजा लील शहरातली एक लाँड्री आहे. जर्मन मेजरचे गणवेश तिथे धुवायला येतात, आणि मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखाली, एक वैमानिक लपलेला आहे. मेजरच्या अंगरख्याच्या खिशात कार्यालयाचा रबरी शिक्का राहून गेला आहे. त्या शिक्क्याने प्रवासाचे परवाने खरे ठरतात, म्हणून चळवळीला तो हवा; तो हरवल्याचे वर कळले तर रशियाच्या आघाडीवर रवानगी होईल, म्हणून मेजरला तो गुपचूप हवा; आणि मेजरच्या हाताखालच्या कॅप्टनला तो हवा, कारण मेजर गेला की जागा रिकामी होते. लाँड्रीच्या मालकिणीला फक्त एवढेच हवे की संध्याकाळपर्यंत बत्तीस सदऱ्यांना इस्त्री व्हावी. शिक्का लपवायचा कुठे? खळीच्या पातेल्यात. कारण खळ सगळ्या कपड्यांना लागते, आणि पाऊण भाग होता होता शहरातल्या अर्ध्या अधिकाऱ्यांच्या कॉलरांवर कार्यालयाची फिकट मोहोर उमटलेली असते.

हा प्रसंग लिहिताना क्रम असा ठेवावा. आधी चळवळीचा माणूस शिक्का घेऊन परत आणण्याची साधी योजना सांगतो. मग मेजर स्वतः येतो. त्याला मागच्या खोलीत शिरू द्यायचे नाही म्हणून मालकीण त्याचा अंगातला गणवेशही धुवायला मागते. मेजर चादर गुंडाळून बसलेला असताना कॅप्टन येतो, म्हणून मेजरला टेबलाखाली लपवावे लागते, जिथे वैमानिक आधीच आहे. आता दोघेही लपलेले आहेत, दोघांनाही दुसऱ्याच्या लपण्याचे कारण विचारता येत नाही आणि दोघांची भाषाही वेगळी आहे. इथे संवाद जवळजवळ नकोच. कॅप्टनच्या समोर इस्त्री चालू राहावी आणि तापलेले टेबल सोसत खालच्या दोघांनी एकच चादर आपापल्या बाजूला ओढावी. यानंतरचा प्रत्येक प्रवेश आधीच्या प्रवेशाने उभ्या केलेल्या अडचणीवरचा उपाय असावा आणि त्या उपायातूनच पुढची अडचण यावी. कोणी योगायोगाने सुटला तर ते पान फाडून पुन्हा लिहावे. योगायोगाने अडकणे मात्र चालते.

पहिला खर्डा झाल्यावर तो मोठ्याने वाचण्यापूर्वी प्रॉपर्टीची, म्हणजे प्रसंगात वापरायच्या वस्तूंची, यादी करावी आणि प्रत्येक वस्तू प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी कोणाच्या हातात आहे ते समासात लिहावे. दोन समासांतल्या नोंदी जुळत नसतील तर दोष तिथेच सापडतो. मग सगळे विनोदी संवाद खोडून उरलेला भाग वाचावा; नुसत्या येण्याजाण्याने आणि लपण्याने हसू येत नसेल तर चूक नकाशात आहे, शब्दांत नाही. अर्ध्या तासाच्या भागासाठी तीन सूत्रे पुरतात. त्यांतली दोन शेवटी सुटावीत आणि तिसरे अधिक घट्ट व्हावे. ‘अलो अलो’च्या पहिल्या पर्वात रेनेला खोट्या गोळ्यांनी मृत्युदंड दिला जातो आणि पुढे त्याला स्वतःचाच जुळा भाऊ म्हणून त्याच कॅफेत वावरावे लागते, कागदोपत्री विधवा ठरलेल्या एडिथकडे त्यामुळे मालकी जाते आणि तिला मागणी घालणारेही येऊ लागतात. आपल्या लाँड्रीत वैमानिक आणि मेजर सुटले, तरी कॉलरांवरची मोहोर घेऊन बाहेर पडलेले अधिकारी दुसऱ्या दिवशी संचलनाला उभे राहणार आहेत, आणि पुढच्या भागाचे निवेदन तिथून सुरू करावे.